गरोदरपणात डीएचए: जवस पुरतं, की बांगडा किंवा कॅप्सूल लागतेच?

आहार_ऐरोली

ऐरोलीतल्या गरोदर बायकांच्या वर्गासाठी एका पानाचं माहितीपत्रक करतेय. विषय: बाळाच्या मेंदूसाठी लागणारी स्निग्धाम्लं, मुख्यतः डीएचए. वर्गात तीन तऱ्हेची घरं येतात. जैन आणि इतर पक्की शाकाहारी, फक्त अंडं चालणारी, आणि दिवाळे-करावे-गोठिवलीकडची आगरी-कोळी घरं, जिथे कालवणाशिवाय जेवण होत नाही.

मसुद्यात सध्या लिहिलंय: "रोज एक चमचा जवस भिजवून खा, डीएचए मिळेल. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा मासे. डॉक्टरांनी सांगितल्यास कॅप्सूल. बाळ हुशार होतं." वाचताना मलाच चार ठिकाणी अडायला होतंय. जवसातून खरंच किती डीएचए बनतं? मासे म्हणजे कुठले, आणि जून-जुलैत काय करायचं? एका कॅप्सूलच्या डब्यावर १००० आणि दुसऱ्यावर २०० लिहिलेलं असतं, त्यातलं जास्त कुठलं? आणि ते शेवटचं हुशारीचं वाक्य ठेवावं का? शिवाय सासवा हमखास विचारतात, अळीव आत्ता द्यायचे की बाळंतपणात. आकड्यांसकट उत्तरं हवीत. "संतुलित आहार घ्या" हे मलाही लिहिता येतं.

स्निग्धशास्त्र

पहिलं वाक्य तर काढाच, त्यात दोन चुका आहेत.

जवसात डीएचए अजिबात नसतं. असतं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल, एएलए. दोन्ही ओमेगा-३ कुळातली. ते १८ कार्बनचं, तर डीएचए २२ कार्बनचं, सहा दुहेरी बंधांचं. मधलं काम यकृतातली विकरं करतात, आणि त्यातली पहिली पायरी, डेल्टा-६ डिसॅच्युरेज, सगळ्यात अरुंद. समस्थानिकं वापरून केलेल्या मोजमापांत पुरुषांमध्ये एएलएचं डीएचए जवळजवळ शून्य होतं. तरुण बायकांमध्ये इस्ट्रोजेनमुळे बरं होतं, पण जास्तीत जास्त ९ टक्क्यांपर्यंत, आणि बऱ्याच मोजमापांत त्याहून खूप कमी. २००३ मध्ये स्तनदा मातांना रोज २० ग्रॅम जवसाचं तेल चार आठवडे देऊन पाहिलं होतं. दुधातला एएलए चांगला वाढला, डीएचए जागचं हललं नाही. तेव्हा जवस द्या, पण डीएचएच्या नावाने देऊ नका.

आता जी गोष्ट अशा पत्रकांत कधीच नसते ती: त्या अरुंद दारात एएलए एकटा उभा नसतो. सूर्यफूल-करडईतलं लिनोलेइक आम्ल (हे ओमेगा-६) त्याच विकरासाठी रांगेत असतं आणि गर्दी त्याचीच. हिशेब करून बघा. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा कॅन संपला तर माणशी रोज ३७-३८ ग्रॅम तेल होतं. कढईत उरलेलं सोडलं तरी ३० ग्रॅम पोटात जातं.

सूर्यफूल ३० ग्रॅम: लिनोलेइक साधारण ६० टक्के, म्हणजे १८ ग्रॅम. पोळी, भात, डाळीतून आणखी ५. एकूण २३. एएलए तेलातून नगण्य, डाळी-पालेभाज्यांतून अर्धा ग्रॅम धरा. गुणोत्तर ४६ ला १.

शेंगदाणा तेल ३० ग्रॅम आणि कुटलेलं जवस १० ग्रॅम: लिनोलेइक ९ आणि वरचे ५, जवसातलं थोडंसं धरून साडेचौदा. एएलए जवसातून २.२, वरचा अर्धा, एकूण २.७. गुणोत्तर साडेपाचला १. आपल्याकडच्या शिफारशींचा पट्टा ५ ते १० ला १ असा आहे, त्यात हे नीट बसतं.

म्हणजे लिनोलेइकचा ढीग कॅन बदलल्यानेच कमी होतो, जवसाचा चमचा दुप्पट करून नाही. सूर्यफूल तसंच ठेवून १० ग्रॅम जवस घातलं तरी गुणोत्तर ८-९ ला १ वर येतं, हे खरं, पण २३ ग्रॅम लिनोलेइक रांगेत उभंच राहतं. करडई तर याहून पुढे, तिच्यात ७५ टक्क्यांपर्यंत. मोहरीच्या तेलात एएलए १० टक्क्यांच्या वर असतो, पण तो वास आपल्या घरांत सगळ्यांना झेपत नाही आणि त्यात इरुसिक आम्लही भरपूर असतं. शेंगदाण्याची फोडणी आणि जेवताना जवसाची चटणी हा आजीचाच मेळ आहे, आकड्यांतही तो जिंकतो.

दुसरी चूक "भिजवून". अख्खा दाणा, भिजवलेला असो की नसो, टरफलासकट बराचसा तसाच बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, गार झाला की कुटायचा. भाजल्याने कच्च्या जवसातली सायनाइड सोडणारी द्रव्यंही कमी होतात. कुटलेलं आठवडाभराचंच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये. तीन दुहेरी बंधांचं तेल आहे, ओट्यावर गॅसशेजारी ठेवलं तर पावसाळी हवेत चटकन खवट होतं. जीभ सांगते: कडवट, रंगासारखा वास आला की फेकून द्या.

मासळी_दिवाळे

माशांचं बोलू. "आठवड्यातून दोनदा मासे" यात बोंबील आणि बांगडा एकाच मापाने मोजले जातात, तिथेच गडबड. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. कोळंबीत चरबी कमी. रोहू-कटला गोड्या पाण्यातले, त्यांच्यात डीएचए समुद्री तेलकट माशांच्या मानाने बरंच कमी. पत्रकात नावं लिहा: बांगडा, तारली, पेडवे. लहान, तेलकट, स्वस्त, आणि आयुष्य थोडं असल्याने अंगात पारा कमी साठलेला.

मोरी नको. ती शार्कच, मोठे मासे खाऊन वाढते आणि पारा तिच्यात साठत जातो. मिथाइल पारा वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भाच्या मेंदूत जातो, म्हणजे ज्यासाठी मासा खायचा त्याच्याच मुळावर. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात, तिथेही हेच. मोठ्या सुरमईची तुकडी रोजची करू नका, कुपा म्हणजे मोठा ट्यूनाही नको. खाडीतल्या मासळीबद्दलही एक ओळ टाका. ठाणे खाडीच्या कडेला पूर्ण औद्योगिक पट्टा आहे, त्यामुळे गरोदरपणात खाडीची कालवं-शिवल्या, बोयटं यांच्यापेक्षा समुद्रातली मासळी बरी.

माप: तेलकट माशाच्या १०० ग्रॅम मांसात ईपीए (माशातलं दुसरं ओमेगा-३) आणि डीएचए मिळून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम. मोसमाप्रमाणे हे खूप बदलतं, तारली तर एका महिन्यात तुपासारखी आणि दुसऱ्यात कोरडी. मध्यम बांगडा १५० ग्रॅमचा असला तर डोकं, काटे, आतडी जाऊन ८० ग्रॅमच्या आसपास उरतो. आठवड्यात असे तीन बांगडे पोटात गेले तर काम झालं. कातडी काढू नका, चरबी तिच्याखालीच असते.

कालवण करा किंवा हळदीच्या पानात वाफवा. सूर्यफुलात बुडवून तळला की माशातली चरबी तेलात उतरते आणि तेलातलं लिनोलेइक माशात शिरतं. वर स्निग्धशास्त्र यांनी मांडलेलं गणित कढईत उलटं फिरतं. तव्यावर चमचाभर तेलात चालेल.

आणखी एक, ज्याने खरोखर त्रास होतो: बांगडा-तारली बर्फाशिवाय दोन-चार तास राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. शिजवून ते जात नाही. तोंड लाल, डोकं दुखणं, अंगावर गांधी, आणि मग घरात ठरतं की गरोदरपणी मासा बाधतो. मासा नाही, बर्फ चुकला. बाजारात जाताना डबा आणि बर्फ घेऊन जायचं, कल्ले लाल, डोळा फुगीर आणि बोटाने दाबल्यावर खड्डा भरून आला पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद. तेव्हा ताजा बांगडा मिळतो तो बहुतेक बर्फातला जुना. चांगला गोठवलेला चालेल. सुका बांगडा मात्र डीएचएच्या हिशेबात धरू नका. उन्हात वाळताना तीच आम्लं सगळ्यात आधी हवेने खराब होतात, वर मीठ वेगळं.

आहार_ऐरोली

स्निग्धशास्त्र, तेलाचा हिशेब अख्खाच्या अख्खा पत्रकात घेते. पण घरोघरी उत्तर ठरलेलं असतं: "सूर्यफूल हृदयाला चांगलं म्हणून आणलंय." शिवाय वर्गात कुणी विचारलंच की डीएचए मेंदूत जाऊन नेमकं करतं काय, तर "मेंदू चरबीचा बनलेला असतो" यापुढे मला बोलता यायला हवं.

स्निग्धशास्त्र

तेल टाकून द्या म्हणू नका. कॅन संपू द्या, पुढचा शेंगदाण्याचा आणा. आणि डालडा, खारी, नानकटाई, गाडीवरचं तेच तेच तापवलेलं तेल याबद्दल मात्र जोरात बोला. ट्रान्स स्निग्धाम्लं वार ओलांडतात आणि त्याच डिसॅच्युरेजच्या आड येतात. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-वनस्पतीत २ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून आधीपेक्षा बरं आहे, इतकंच.

मेंदूत काय होतं? मेंदूच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध. पण सगळं खाऊन येत नाही: कोलेस्टेरॉल आणि पाल्मिटिकसारखी संपृक्त आम्लं मेंदू बहुतेक स्वतः बनवतो. बाहेरून यावी लागतात ती लांब बहुअसंपृक्त. डीएचए पेशींच्या पडद्यात बसतं, विशेषतः चेतासंधींच्या टोकांना आणि डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशींत. त्याच्या वळलेल्या आकारामुळे पडदा लवचीक राहतो आणि त्यातली प्रथिनं चटकन हलतात.

रक्तातून आत जाण्याचा दरवाजा २०१४ मध्ये सापडला, सिंगापूरच्या गटाला. एमएफएसडी२ए नावाचं प्रथिन, ते डीएचए सुटं नाही तर लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन या स्निग्ध रेणूला जोडलेलं उचलतं. ज्या उंदरांत ते नव्हतं त्यांचे मेंदू लहान राहिले. पुढच्याच वर्षी या जनुकात बिघाड असलेल्या कुटुंबांतही लहान डोक्याची मुलं आढळली. यातलं "कोलीन" लक्षात ठेवा. गरोदरपणी रोज ४५० मिग्रॅ कोलीन पुरेसं धरतात आणि एका मोठ्या अंड्यात १४५ मिग्रॅच्या आसपास मिळतं, ते पिवळ्यात. अंडं चालणाऱ्या घरांना रोज एक अख्खं अंडं सांगा. डीएचएही साध्या अंड्यात ३० ते ५० मिग्रॅ असतं. पिवळं काढून पांढरंच खायचं ही जिमची सवय इथे उपयोगाची नाही.

आणि पडद्यातून सुटल्यावरची कामं वेगळीच. डीएचएपासून सिनॅप्टामाइड बनतं, त्याने स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशी फांद्या आणि संधी जास्त काढतात. हे २०११ चं काम प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे, म्हणून पत्रकात नको, तुमच्या माहितीसाठी. अॅराकिडोनिक या ओमेगा-६ आम्लापासून एंडोकॅनाबिनॉइड बनतात, चेतातंतूंना वाट दाखवण्यात त्यांचा हात असतो. त्याच आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ही संदेश पोहोचवणारी द्रव्यंही बनतात. ओमेगा-६ म्हणजे खलनायक हे समाजमाध्यमी ज्ञान आहे. अॅराकिडोनिक नसेल तर बाळाचं चालणारच नाही. आपला आक्षेप फक्त लिनोलेइकच्या ढिगावर.

नवजात_कक्ष

प्रोस्टाग्लँडिनचा विषय निघाला आहे तर पत्रकात हे ठळक लिहा: २० आठवड्यांनंतर पाठ दुखली, दाढ दुखली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणून घ्यायचं नाही. या गोळ्या अॅराकिडोनिकपासून प्रोस्टाग्लँडिन बनणंच बंद करतात. बाळाच्या मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनची गरज असते, ती आटली की गर्भजल कमी होतं, आणि शेवटच्या महिन्यांत हृदयाजवळची वाहिनी वेळेआधी आवळू शकते. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिलेली कमी मात्रेची अॅस्पिरिन वेगळी. ती स्वतःहून बंद करू नका.

कॅप्सूलचं सोपं आहे, मोठा आकडा वाचू नका. "फिश ऑइल १००० मिग्रॅ" म्हणजे तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातलं ईपीए १८० आणि डीएचए १२० असतं. शेवाळापासूनच्या ५०० मिग्रॅ तेलात बहुधा २०० डीएचए असतं, म्हणजे लहान दिसणारी गोळीच जास्त देते. डबा उलटा करा, मागच्या तक्त्यात "डीएचए" या शब्दासमोरचा आकडा आणि तो किती कॅप्सूलचा आहे ते वाचा. एफएओ-डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी गरोदर आणि स्तनदा मातांसाठी रोज ईपीए-डीएचए मिळून ३०० मिग्रॅ, त्यात किमान २०० डीएचए सांगितलंय. आठवड्याला तेलकट मासा नीट पोटात जातोय त्यांना वेगळी कॅप्सूल लागेलच असं नाही.

जैन घरांसाठी: तेल शेवाळाचं असलं तरी कवच जिलेटिनचं असू शकतं. हिरवं वर्तुळ बघा. तपकिरी त्रिकोण असेल तर नाही. कॉड लिव्हर ऑइल हे "फिश ऑइल" समजून घेऊ नका, त्यात तयार अ जीवनसत्त्व असतं आणि गरोदरपणी ते दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बाळाला व्यंगाचा धोका. कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची, चहाबिस्किटाबरोबर नाही. सोबत चरबी नसेल तर नीट शोषली जात नाही आणि मासळीचे ढेकर येतात. ढेकर फारच उग्र असतील तर एक कापून वास घ्या, खवट असेल तर डबा परत करा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी विचारा.

आता "बाळ हुशार होतं". काढा. ऑस्ट्रेलियातल्या डोमिनो चाचणीत जवळपास २,४०० बायका होत्या, त्यांतल्या निम्म्यांना रोज ८०० मिग्रॅ डीएचए दिलं. १८ महिन्यांच्या मुलांच्या बौद्धिक गुणांत फरक नाही, २०१० चा निकाल. आपल्या शेजारी बेळगावला ४०० मिग्रॅ शेवाळी डीएचए देऊन झालेल्या धानी चाचणीतही वर्षाच्या बाळांच्या विकासांकात फरक दिसला नाही. मग द्यायचं कशाला? बाळ वेळेआधी होऊ नये म्हणून. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात ७० चाचण्या, जवळपास २०,००० बायका: ३४ आठवड्यांआधीची प्रसूती ४.६ टक्क्यांवरून २.७ वर. नंतरच्या एका मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना देऊन तो फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ मुळातच कमी त्यांना उपयोग, पुरेसं असलेल्यांना आणखी देऊन काही नाही, असा सध्याचा अर्थ. तुमच्या वर्गातल्या मासे-अंडं न खाणाऱ्या बायका त्या पहिल्या गटात बसण्याची शक्यता जास्त.

मेंदूसाठी आठवडे महत्त्वाचे का: शेवटच्या तिमाहीत गर्भ किलोमागे रोज ४० ते ६० मिग्रॅ डीएचए साठवतो. २८ आठवड्यांना जन्मलेल्याची ती शिदोरीच राहून जाते. २९ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना किलोमागे ६० मिग्रॅ दिलं त्या चाचणीत पाच वर्षांच्या वयाला बुद्ध्यंक साडेतीन गुणांनी जास्त आला, २०२२ चा निकाल. हे त्या बाळांपुरतं, कक्षात, डॉक्टरांच्या हाताने. पूर्ण दिवसांच्या बाळाला घरी थेंब पाजण्यासाठी नाही.

बाळंतविडा

अळिवाचं राहिलं. रिवाज बाळंतपणातला आहे, तो तसाच राहू द्या, गरोदरपणी मूठमूठ अळीव खाण्याचं कारण नाही. बीमध्ये साधारण पाव भाग तेल आणि त्यातला तिसरा हिस्सा एएलए. एका लाडवात १० ग्रॅम अळीव गेले तर पाऊण ग्रॅम एएलए. शिवाय लोह. नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवतात ते योग्य, अळीव फुगून पापुद्रा मऊ होतो. पण नियम जवसाचाच: हे एएलए, डीएचए नाही. दुधातलं डीएचए आई काय खाते त्यावर हलतं. जगभरची सरासरी दुधातल्या एकूण स्निग्धाम्लांच्या ०.३२ टक्के आहे. अॅराकिडोनिक मात्र आईने काही खाल्लं तरी फारसं हलत नाही. म्हणून बाळंतपणात कॅप्सूल किंवा मासा बंद करण्याची चूक करू नका. बहुतेक घरांत प्रसूतीच्या दिवशी डबा कपाटात जातो.

अक्रोडही सांगता येतील, चार अक्रोडांत, म्हणजे आठ अर्ध्यांत, सुमारे दीड ग्रॅम एएलए. एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून घ्यायचे तर चाखून घ्या, मागच्या हंगामाचे कडू लागतात.

सहा महिन्यांनंतर दुसरी चूक सुरू होते: पाण्यासारखी पेज, वर "पचायला हलकं" म्हणून तूप नाही. आईच्या दुधातली निम्मी ऊर्जा चरबीची असते. दोन वर्षांपर्यंत ती हळूहळू ३५ टक्क्यांवर आणायची असते, एकदम तोडायची नसते. अर्ध्या वाटी घट्ट खिमटीत लहान चमचाभर तूप. तुपात डीएचए नाही, ऊर्जा आहे, आणि मेंदू वाढवायला ती आधी लागते. डीएचए या वयाला किलोमागे १० ते १२ मिग्रॅ, म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १०० मिग्रॅ. दूध चालू असेल तर बराचसा वाटा तिथून येतो. वर अंड्याचं नीट शिजलेलं पिवळं, किंवा वाफवलेला मासा दोन बोटांत चुरून, काटा लागतोय का ते तपासून. बांगड्याचे काटे बारीक असतात, पाठीकडचाच भाग घ्या. अक्रोड-जवस पूड करूनच, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो.

आहार_ऐरोली

सगळं उतरवून घेतलं. जवसाची ओळ आता अशी: "जवस भाजून, कुटून, रोज एक चमचा. यातून डीएचए मिळत नाही." बरोबर ना?

स्निग्धशास्त्र

"एक चमचा" बदला. चहाच्या चमच्यात कुटलेलं जवस अडीच ग्रॅम जेमतेम बसतं, पोह्याच्या मोठ्या चमच्यात सात. माझा हिशेब १० ग्रॅमचा होता. "पोह्याचा दीड चमचा" लिहा. आणि दुसरं वाक्य "यातून डीएचए फारच थोडं बनतं, त्यासाठी खालची ओळ पाहा" असं करा, नाहीतर शाकाहारी बायका जवसही सोडतील.